सगळा दोष विजेला

"हा पडदा बघितला ना, की मला माझ्या सासऱ्याच्या पायजम्याची आठवण येते," कॉम्प्युटरपुढे बसलेला एवेलियो स्वतःशीच पुटपुटला. "राखाडी. सकाळी राखाडी, दुपारीही राखाडीच. माणसाला कामाचा हुरूप यावा तरी कुठून?"

"आला होता का कधी?" मागच्या टेबलावर वायरींचा गुंता सोडवत बसलेल्या, ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या दामासोनं विचारलं.

"मी या संस्कृतिगृहाचा संचालक आहे, दामासो. संचालकाला हुरूप लागतो. तुझं बरं आहे, तुझं नुसत्या कानांवर भागतं."

दारातून आत येणाऱ्या ओदालिसच्या कानावर हे पडलं आणि तिला बरं वाटलं. कुणी कॉम्प्युटरबद्दल कुरकुरलं की तिला आपल्या नावानं हाक मारल्यासारखं वाटायचं.

"उद्या तुला समुद्र लावून देते," ती म्हणाली. "निळाशार. लाटा हलतात त्यात. कोपऱ्यात घड्याळ आहे, भरती-ओहोटीसुद्धा दाखवतं."

"माझी राणी ती!" एवेलियोनं दोन्ही हात वर केले. "तू नसतीस तर या गावाचं काय झालं असतं!"

हे वाक्य ओदालिसला गावात कुठेही ऐकायला मिळे. क्युबाच्या उत्तर किनाऱ्यावरचं ला कोरोहा हे गाव तसं लहान, आणि ओदालिस तिथल्या संस्कृतिगृहात नाटकाचे कपडे शिवायला म्हणून लागलेली बाई. पुढे नाटकं कमी झाली, कापड मिळेनासं झालं आणि कॉम्प्युटर आला. त्याच्यापुढे बसायला कुणी धजेना, तेव्हा ही बसली. पुस्तक नाही, वर्ग नाही. उसवून बघायचं आणि पुन्हा शिवायचं, ही तिची शिकण्याची रीत. ती तिला कपड्यांनी शिकवली होती.

त्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेलं आणि फुकट मिळणारं. त्यात एक खिडकी उघडली की 'नवीन मिळवा' असं बटण होतं. ते दाबलं की मंडईच उघडायची! पडद्याच्या सजावटी, घड्याळं, हवामानाच्या पाट्या, खिडक्यांच्या नव्या कडा, कोपऱ्यात झोपणारी मांजरं. कुणीही बनवावं आणि तिथे आणून ठेवावं. आवडलं ते उचलायचं, इन्स्टॉल करायचं. वर एक पट्टी मात्र नेहमी यायची: 'या वस्तू बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या आहेत. आम्ही त्या तपासलेल्या नाहीत.' ओदालिस त्या पट्टीखालचं 'पुढे' दाबायची. एखाद्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' लिहिलेलं असावं, आत वर्षानुवर्षं कुत्रं दिसू नये आणि आपण बिनधास्त आत शिरावं, तसं.

आमच्याकडे इंटरनेट आहे, पण ते महाग आणि त्याहून सावकाश. त्यामुळे एकानं उतरवायचं आणि बाकीच्यांनी पेन ड्राइव्हवर न्यायचं, ही गावाची रीतच पडून गेली. सिनेमे असेच फिरतात, गाणी अशीच, औषधांची माहितीही अशीच. कुणी प्रेमानं आणलेलं नाकारणं म्हणजे हातात दिलेली कॉफी तशीच परत करणं. आणि हे आलं कुठून, असं विचारणं तर त्याहून वाईट. "ओदालिसकडून आणलंय," एवढं म्हटलं की पुरे. औषधाच्या दुकानातलं घड्याळ ओदालिसचं, शाळेतली मांजरं ओदालिसची, टपाल कचेरीतला सूर्यास्तही ओदालिसचाच. यातलं तिनं काहीच बनवलेलं नव्हतं. पण लोक तसं म्हणायचे आणि ती म्हणू द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामासो आपली डिस्क घेऊन आला. मुठीएवढी काळी पेटी, पण तो ती तान्ह्या लेकरासारखी सांभाळायचा. तिच्यात म्हातारी कांदेलारिया होती.

कांदेलारिया उभ्या उभ्या दहा ओळींची कवनं रचून गायची. समोरच्याचं नाक, त्याची बायको, त्याची उधारी, काहीही घेऊन. दामासोनं वर्षानुवर्षं तिच्या ओसरीवर माइक धरून ते टिपलं होतं. मागे कोंबड्या ओरडायच्या, कुणीतरी "साखर आहे का गं?" विचारत यायचं. तेही सगळं त्यानं तसंच ठेवलं होतं. नाताळाच्या आधी म्हातारी गेली. तिच्या आठवणीचा कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी संस्कृतिगृहाच्या अंगणात होता, आणि त्यात गावाला तिचाच आवाज ऐकवायचा होता.

दामासोनं डिस्क कॉम्प्युटरला जोडली आणि सगळं त्यातही उतरवून घेतलं.

"झालं," तो म्हणाला. "आता म्हातारी दोन जागी आहे. आता मी मेलो तरी चालेल."

"उद्याच्यानंतर मर," एवेलियो म्हणाला. "उद्या कर्ण्याकडे कोण बघणार?"

इतक्यात सोराइदा आली. गरोदर बायांच्या निवासगृहातली ही परिचारिका. बाळंतपण अवघड जाईल अशा बाया शेवटचे महिने तिथे राहायच्या, आणि त्यांचं रोजचं वजन, रक्तदाब, तारखा हे सगळं सोराइदाच्या कॉम्प्युटरमध्ये असायचं. तिनं पेरूची वडी कागदात बांधून आणली होती.

"माझा समुद्र?" तिनं हात पुढे केला.

"हा घे." ओदालिसनं पेन ड्राइव्ह तिच्या तळहातावर ठेवला.

"चालेल ना गं आमच्या यंत्रावर? म्हातारं आहे ते."

"आजवर माझ्याकडे कुणी तक्रार घेऊन आलंय?"

"तेही खरंच," म्हणून सोराइदा गेली.

मग ओदालिसनं एवेलियोला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली आणि निळा समुद्र लावला. पट्टी आली, 'पुढे' दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग खरंच समुद्र आला! लाटा हलत होत्या. कोपऱ्यात घड्याळ होतं. एवेलियोनं टाळ्या वाजवल्या आणि हे दाखवायला तो पलीकडच्या खोलीत नाच शिकवणाऱ्या बाईंना बोलवायला धावला.

तो गेला आणि समुद्रावर तरंगणारे फोल्डर दिसेनासे होऊ लागले. एक गेला. मग दुसरा. पहाटे रस्त्यावरचे दिवे मालवत जावेत तसे, मुकाट्यानं. ओदालिसनं हे दाबलं, ते दाबलं. दामासो तिच्या खांद्यामागे उभा होता. त्याच्या काळ्या पेटीवरचा छोटा दिवा भराभर लुकलुकत होता.

"ओदालिस," तो हळूच म्हणाला.

आणि वीज गेली.

गल्लीभर नेहमीचा "आऽऽ" उमटला. पंखा गरगरत थांबला. एवेलियो नाचाच्या बाईंना घेऊन आला तेव्हा दाखवायला काळा पडदा तेवढा उरला होता.

जेवणानंतर वीज आली. कॉम्प्युटर सुरू झाला, राखाडीच. आत कुणी कधी राहिलंच नव्हतं इतका रिकामा. दामासोनं आपली डिस्क उघडली. तीही तशीच.

"वीज!" एवेलियो ओरडला. "खाल्लं या विजेनं! कितीदा सांगितलं वर की आम्हाला बॅटरीची पेटी द्या!"

नाचाच्या बाई विजेला बोलल्या. फाटकावरचा रखवालदार बोलला. बोलून बोलून सगळ्यांना जरा बरंही वाटलं. वाचकहो, आमच्याकडे विजेला दोष देणं फार सोयीचं आहे. ती रोज जाते आणि कधी उलटून बोलत नाही. जळलेला भात, चुकलेली बस, न लिहिलेलं पत्र, सगळं तिच्या माथी. तुमच्याकडेही असंच काहीतरी असेल, ज्याच्यावर ढकललं की घरात शांतता राहते.

ओदालिस रिकाम्या पडद्यावर उगीच बटणं दाबत राहिली. दामासोनं आपली पेटी रुमालात गुंडाळली.

"वीजच," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता. "दुसरं काय असणार?"

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी एवेलियोनं बोलावलेली इदाल्मिस प्रांताच्या शहरातून आली. कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या कामात केस पांढरे झालेली, स्पष्ट बोलणारी बाई. बसमधून उभ्यानं आल्यामुळे ती आधीच वैतागलेली होती. तिनं कॉम्प्युटर उघडला, डिस्क उघडली, बराच वेळ बघत राहिली.

"वीज गेली होती म्हणता?"

"धाडकन!" एवेलियो म्हणाला.

"हे बघा, वीज गेली की लिहिता लिहिता एखादी फाइल अर्धी राहते. एखादं पान फाटतं. फार तर यंत्र जळतं. पण वीज झाडू घेऊन येत नाही. इथे तर कुणीतरी कोपरान् कोपरा झाडून नेलाय, शिवाय शेजारच्या पेटीतही शिरून झाडलंय. हे आज्ञेनं झालंय. कुणीतरी यंत्राला सांगितलं, पूस. त्यानं पुसलं."

"कोण सांगेल असं?" नाचाच्या बाईंनी छातीवर हात ठेवला. "वैऱ्याचं काम दिसतंय."

"वैरी कशाला हवा? दुसऱ्या एका गावात मी हेच पाहिलंय. सजावट म्हणून एक वस्तू उतरवली होती. तुम्हाला वाटतं सजावट म्हणजे रंग. पण तिच्या पोटात आज्ञाही असतात, आणि तुम्ही बसवलीत की त्या तुमच्या नावानं चालतात. तुम्हाला घरात जिथे जिथे हात घालता येतो, तिथे तिलाही घालता येतो. बनवणारा कुणीतरी विद्यार्थी होता. आपलाच जुना कचरा साफ करावा म्हणून त्यानं एक ओळ लिहिली होती. ओळ चुकली. कचऱ्याऐवजी घर साफ झालं. पोरगं बिचारं माफी मागत होतं."

"मग दोष कुणाचा?" एवेलियोनं विचारलं.

"ओळ चुकली तो दोष त्याचा. पण रस्त्यात अनोळखी माणसानं दिलेली किल्ली तुम्ही दाराला लावून बघाल का? आणि या यंत्रात तर चौघंजण एकाच नावानं शिरताय, एकाच खोलीत नांदताय. एकाची चूक म्हणजे चौघांचं घर." तिनं चष्मा काढला. "मी भांडायला आलेली नाही. मला एवढंच सांगा, त्या दिवशी काही नवीन टाकलं होतं का?"

एवेलियोनं छताकडे बघितलं. नाचाच्या बाईंना बुटाची नाडी सुटलेली दिसली. हे सगळं ओदालिसच करते, हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं? पण तिनं एवेलियोच्या लेकीचा लग्नाचा झगा पडद्याच्या कापडातून शिवला होता. नाचाच्या बाईंना दूरच्या मुलाशी बोलता यावं म्हणून ती दर रविवारी त्यांच्या फोनशी झटापट करायची. अशा बाईकडे बोट कोण दाखवणार?

"आम्ही?" दामासो म्हणाला. "आम्हाला काय कळतंय त्यातलं, बाई. आम्ही नुसतं चालू करतो आणि बंद करतो."

खोटं बोलताना त्याचे कान लाल झाले. ओदालिसनं ते बघितले, आणि तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. रडू आलं असतं तर निदान कुणी काही विचारलं तरी असतं.

"बरं," इदाल्मिस म्हणाली. "ही डिस्क मी नेते. काही तुकडे हाती लागतील, सगळं नाही. आणि अशी वस्तू जर कुणी टाकलीच असेल, तर ती पेन ड्राइव्हवरून गावभर फिरायला लागली असेल. तुम्ही लोक सर्दीसुद्धा एवढ्या आपुलकीनं वाटत नाही."

ती दुपारच्या बसनं गेली. तिची बस वळणावर दिसेनाशी व्हायच्या आतच ओदालिस चालू लागली होती, निवासगृहाकडे.

चालता चालता तिनं सबब तयार केली. पेन ड्राइव्ह परत मागायचा, दुसऱ्या कुणाला हवाय म्हणायचं. मग गोष्ट मिटली. कुणाला काही कळायचं कारण नाही. दामासो बोलणार नाही. कांदेलारिया तर गेलीच, आता कुणी बोललं म्हणून ती परत थोडीच येणार?

व्हरांड्यात तीन-चार गरोदर बाया झुलत्या खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. सोराइदा त्यांना पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

"आमच्याकडे कालपासून वीज नाही," ती म्हणाली. "तुझा समुद्र पिशवीतच आहे अजून."

ओदालिसनं हात पुढे केला. "मग दे तो. मला जरा लागतोय."

"देते की! पण आमच्या यंत्राची बॅटरी होती थोडी, तेवढ्यात मी उतरवून घेतलाय. नुसता लावायचा राहिलाय. वीज आली रे आली, की पहिलं तेच." सोराइदा हसली. "आणि औषधाच्या दुकानातल्या नातिविदादनं मघाशीच नेलाय, तीही विजेचीच वाट बघतेय. तिच्याकडून टपाल कचेरीत गेलाय म्हणे. शाळेच्या बाईही मागत होत्या. सगळा गाव तुझ्या समुद्रात पोहायला बघतोय गं!"

एक बाई पोटावर हात ठेवून म्हणाली, "सोराइदा, माझी तारीख कितवी? मी विसरले."

"यंत्रात आहे, लेकी. वीज आली की सांगते."

ओदालिस तिथून निघाली ती घरी गेलीच नाही. समुद्राच्या भिंतीवर बसून राहिली. आजवर आपण या गावाला काय काय वाटलं, ते ती आठवायला लागली. घड्याळं, मांजरं, सूर्यास्त. त्यातल्या एकाच्याही मागचा माणूस तिला आठवेना. आठवणार कसा? तिनं बघितलाच नव्हता. चित्र सुंदर दिसलं की उचललं. लोक "ओदालिसचं" म्हणायचे ते तिला गोड लागायचं. एकेका पेन ड्राइव्हबरोबर ती आपलं नाव उसनं देत होती, आणि त्या नावाच्या भरवशावर लोक दारं उघडी टाकत होते. नाव गेलं तर तिच्याकडे उरणार तरी काय? एक शिवणयंत्र, तेही सुईवाचून.

कार्यक्रमाच्या वेळेला अंगण भरलं. दुपारपासून सगळ्या गावात वीज नव्हती आणि अंगणातच काय तो वारा होता. गरोदर बायांपैकी दोघी हळूहळू चालत आल्या होत्या. एवेलियो पायरीवर उभा राहिला.

"मित्रहो, आज आपण कांदेलारियाचा आवाज ऐकणार होतो. पण तुम्हाला माहीतच आहे. विजेनं तो गिळला."

"मेली वीज!" कुणीतरी म्हणालं. माना हलल्या.

दामासो उठला. त्यानं कांदेलारियाचं एक कवन आठवून म्हणायला सुरुवात केली. निम्म्यावर अडला. मासळीवाल्या म्हाताऱ्यानं पुढची ओळ सांगितली. ती चुकीची निघाली, लोक हसले, पण त्याच्यापुढची ओळ मात्र कुणालाच येईना. दामासो तोंड उघडं ठेवून उभा राहिला. त्या गप्प झालेल्या अंगणात ओदालिसला पहिल्यांदा नीट कळलं की काय गेलंय.

आणि तेवढ्यात, बंदराकडून ओरडा उठला. "आली! आलीऽऽ!"

दिवे लागले. अंगणभर टाळ्या झाल्या. वीज आली की आमच्याकडे कुणी बसून राहत नाही. भात शिजवायचा असतो, पंप लावायचा असतो, पुन्हा जायच्या आत सगळं उरकायचं असतं. खुर्च्या सरकल्या. नातिविदाद दुकानाच्या किल्ल्या चाचपत उठली. सोराइदानं त्या दोघींना आधार देत हसून हाक मारली, "चला गं, समुद्र लावू!"

"थांबा!" ओदालिस ओरडली.

एवढ्या मोठ्यानं ती आयुष्यात ओरडली नव्हती. फाटकाशी पोचलेले लोकही वळले.

"कुणी लावू नका तो! पुसून टाका! सोराइदा, तुझ्या बायांच्या तारखा जातील. नातिविदाद, तुझं दुकान जाईल. कांदेलारियाला विजेनं नेलं नाही. वीज जायच्या आधी ती गेली. मी लावलेल्या समुद्रानं नेली. मी डोळ्यांनी बघितलं आणि गप्प बसले."

"ओदालिस, राहू दे," दामासो म्हणाला.

"नाही राहू देत. माझ्यापायी तू खोटं बोललास, दामासो. गेलं ते तुझं, आणि खोटं बोलायची पाळीही तुझ्यावरच आली. माफ कर म्हणायलासुद्धा मला तोंड नाही."

सोराइदानं पिशवीतून तो पेन ड्राइव्ह काढला आणि दिव्याखाली धरला, जसा काही त्यावर कुणाचा पत्ता लिहिलेला असावा.

"पण मग हे बनवलंय तरी कुणी?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न ला कोरोहात पहिल्यांदा विचारला गेला.

"मला माहीत नाही," ओदालिस म्हणाली. "याचंही नाही, आणि आजवर तुम्हाला दिलं त्यातल्या एकाचंही नाही. मला ओळखता म्हणून तुम्ही विचारलं नाहीत, आणि तुम्ही विचारत नाही म्हणून मी कधी बघितलं नाही. देणारा हात ओळखीचा असला म्हणून वस्तू ओळखीची होत नाही. यापुढे विचारत जा. मी दिलेलं असलं तरी विचारा. मी रागावले, तर दोनदा विचारा."